लेल्या फिल्का आणि तिची शिष्टमंडळं

आमच्या सतरा नंबरच्या इमारतीत जितकी माणसं राहतात, त्याहून जास्त माणसं तिच्या दारावर राहतात. गेलेल्याचा फोटो छापलेला कागद दारावर चिकटवायचा आणि वर्ष झालं की नवा लावायचा, ही आमची रीत. माझी बायको त्सोन्का गेली सहा वर्षं तिथेच आहे, टपालपेटीच्या वर, डावीकडे. रोज भाजी आणायला जाताना तिच्याकडे बघतो, आणि ती हयात असताना बघायची तशीच बघते, म्हणजे पिशवी विसरलो की काय असं. जे मेले नाहीत ते स्पेनला गेले, जर्मनीला गेले. सिमेंटचा कारखाना बंद पडला. उरलो आम्ही म्हातारे. एकमेकांची तब्येत अशा नजरेने विचारतो, की पुढचा कागद कुणाचा याचा अंदाज यावा.

त्या दारातून आत येऊन चार मजले चढलं, की लेल्या फिल्काचं घर. शाळेतलं नाव त्रेन्दाफिल्का. एवढं नाव घेऊन हाक मारेपर्यंत माणूस जिना उतरून जायचा, म्हणून फिल्का. आणि लेल्या म्हणजे मावशी. वयाने मी तिच्याहून दहा-अकरा वर्षांनीच लहान, पण अख्खी इमारत तिला लेल्या म्हणते, तर मी एकट्यानेच का वेगळा सूर लावावा? माझं दार तिच्या दारासमोर. पन्नास वर्षं झाली, आमच्या दोघांच्या कांद्याच्या फोडण्या जिन्यावर भेटतात.

लेल्याला मुलगी एक, झ्लात्का. ती व्हॅलेन्सियात कुणाकुणाची म्हातारी माणसं सांभाळते. दर रविवारी फोन करते.

"आई, जेवलीस?"

"जेवले."

"काय जेवलीस?"

"सगळं."

फोन संपतो. मग आठवडा सुरू होतो, आणि त्या आठवड्यात काहीच नसतं.

लेल्याची या जगाकडे मागणी एकच होती: दाराची बेल वाजावी. बाईचा सगळा जन्म माणसांना खाऊ घालण्यात गेलेला. दाराशी पाहुण्यांसाठी सपातांची रांग लावलेली असायची, लहान पायांच्या, मोठ्या पायांच्या, झ्लात्काच्या लहानपणीच्या सशाच्या कानांच्यासुद्धा. पण पाय कुठून येणार? एकदा सकाळी माझं दार ठोठावलं.

"स्तामात, बाहेर उभा राहून माझी बेल वाजव रे जरा. बिघडलीय बहुतेक."

मी वाजवली. खणखणीत वाजली.

"वाजते की, लेल्या."

"हो का?" ती म्हणाली. "मग ठीक आहे." आणि तिचा चेहरा असा पडला, की बेल बिघडलेली निघाली असती तर बरं झालं असतं असं मलाच वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी अधूनमधून उगाच बेल वाजवायला लागलो. पण मी म्हणजे काही पाहुणा नाही. मी मीठ संपलं की येणारा माणूस.

अशात इव्हायला नावाची डॉक्टर आली. इंजेक्शनवाली नव्हे, इतिहासवाली. सोफियाच्या विद्यापीठात शिकवते, आणि विद्यापीठाच्या पगारात बूटसुद्धा अर्धाच येतो म्हणून परदेशी लोकांना बसमधून फिरवते. सहलीचं नाव 'कम्युनिस्ट काळातलं रोजचं जगणं'. आमच्या गावात त्या जगण्याला तोटा नाही. आधी कारखान्याचं मोडकं फाटक, मग संस्कृतिभवन, मग चौकातला पुतळ्याचा चौथरा. चौथऱ्यावर आता काहीच नाही, पण इव्हायला त्या काहीच नसण्यावरसुद्धा पंधरा मिनिटं बोलते. त्यानंतर तिला हवं होतं एक खरं घर. कुणीतरी तिला लेल्याचं नाव सांगितलं. ते माझंच काम, हेही सांगून टाकतो.

"फक्त एक करा," इव्हायला तिला म्हणाली, "घरात काहीही बदलू नका. जसं आहे तसंच राहू द्या."

लेल्याने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी अख्खं घर बदललं. गालिचे खाली नेऊन बडवले. पडदे नवे. मला शिडीवर चढवून छताला चुना लावून घेतला. सहलीच्या दिवशी टेबलावर चीज घातलेली बानित्सा, भरलेल्या मिरच्या, तीन तऱ्हेचे मुरंबे, फळांच्या दारूची, म्हणजे राकियाची बाटली, आणि मधोमध भल्या मोठ्या ताटलीत केळी.

केळी पाहून मी म्हटलं, "लेल्या, हे शिष्टमंडळ नाही गं."

"मग काय आहे?"



शिष्टमंडळांचं असं. लेल्याचा नवरा ग्रूदी कारखान्यात क्रेन चालवायचा. कामात पहिला, म्हणून यांचं घर 'आदर्श कामगाराचं घर' ठरलं. पूर्व जर्मनीतून, क्यूबातून, कुठून कुठून पाहुणे यायचे आणि त्यांना हे घर दाखवलं जायचं. आदल्या दिवशी जिल्हा समितीतले कॉम्रेड पाशालियेव्ह एक खोकं घेऊन यायचे. त्यात केळी, संत्री, डबाबंद हॅम, आणि डोळे मिटणारी एक जर्मन बाहुली. बाहुली झ्लात्काच्या पलंगावर ठेवायची. केळी टेबलावर. पाहुणे गेले की कॉम्रेड सगळं पुन्हा खोक्यात भरून पुढच्या गावी. एखाद्या भाबड्या पाहुण्याने केळं सोलायला घेतलं, की पाशालियेव्हचा चेहरा केळ्याहून पिवळा पडायचा. आणि झ्लात्का? तिला बाहुलीला हात लावायची परवानगी होती, पाहुणे बघत असतील तेव्हा. त्या दिवसांत लेल्याच्या अंगात एक गोष्ट इतकी मुरली की ती आता निघायची नाही. पाहुणा जे बघायला आलाय ते त्याला दाखवायचं. आणि काहीही विचारलं तरी म्हणायचं, सगळं छान आहे.

तर सहल आली. सपाता घालून पंधरा-सोळा माणसं बैठकीत दाटीवाटीने बसली. एका उंच माणसाला सशाच्या कानांच्या आल्या. इव्हायला मधे उभी राहून इकडचं तिकडे करत होती.

"विचारतायत, दुकानांत रांगा असायच्या का?"

"असायच्या ना! काय गप्पा व्हायच्या रांगेत! माझ्या दोन मैत्रिणी रांगेतल्याच."

"विचारतायत, थंडीत वीज जायची का?"

"जायची. मग गाणी म्हणायचो. खा ना, हे घ्या, तुम्ही काहीच घेत नाही."

"विचारतायत, भीती वाटायची का?"

लेल्याने बानित्साची ताटली उचलली. "सगळं छान होतं," ती म्हणाली. "मिरच्या घ्या."

पाहुण्यांनी खाल्लं भरपूर. पण उठताना त्यांचे चेहरे, आग बघायला धावत जावं आणि ती विझलेली असावी, तसे. बस भरत होती तेव्हा इव्हायला परत वर आली. बिचारी चांगली पोर. कान लाल झाले होते.

"लेल्या, हे लोक छान होतं हे ऐकायला एवढ्या लांबून येत नाहीत हो."

"मग काय ऐकायला येतात?"

"खरं."

"खरं? पाहुण्यांसमोर?" लेल्याचा आवाज असा, जणू तिला बैठकीत आतले कपडे वाळत घालायला सांगितले आहेत.

"असंच राहिलं तर ऑफिसवाले हा थांबा काढून टाकतील. मला तुमच्याकडे यायला आवडतं. पण माझ्या हातात नाही."

थांबा काढला की बेल बंद. एवढं लेल्याला लगेच कळलं. त्या आठवड्यात रोज सकाळी मी तिच्याकडे तक्रार करायची तालीम घ्यायला जायचो. मी पाहुणा व्हायचो.

"दुकानात काय मिळायचं, आजी?"

"काही नाही मिळायचं!" लेल्या आवाज चढवून म्हणायची, आणि लगेच खाली आणून, "म्हणजे व्हिनेगर मिळायचं. ते फार चांगलं होतं."

"लेल्या!"

"अरे पण होतं ना चांगलं! आताच्या व्हिनेगरमध्ये काकडी मऊ पडते."

जन्मभर पाहुण्यांपुढे हसलेल्या बाईला रडायला शिकवणं माझ्या बापाच्यानेही झालं नसतं. पण पुढच्या सहलीत एका पाहुणीने कपाटावरच्या फोटोकडे बोट दाखवलं. फोटोत ग्रूदी क्रेनच्या दारात उभा राहून ओरडून काहीतरी सांगतोय.

"हे कोण? आणि काय बोलतायत?"

लेल्या थांबली. माझ्याकडे बघितलं. मग हातातली ताटली खाली ठेवली. पाहुणे घरात असताना तिचे हात रिकामे मी पहिल्यांदाच पाहिले.

"हा ग्रूदी," ती म्हणाली. "विनोद करतोय. दुसरं काय करणार?"

आणि तिने सांगितलं. ग्रूदीच्या तोंडाला झाकण नव्हतं. कारखान्यात त्याचा विनोद सकाळी क्रेनवरून निघाला की दुपारी भट्टीपर्यंत पोचलेला असायचा. एकदा जर्मन शिष्टमंडळ आलं होतं. त्यातल्या एका बाईने प्रेमाने विचारलं, तुम्ही केळी रोज खाता का? ग्रूदी म्हणाला, "छे हो, आम्ही ती तुम्ही आलात की बघतो. म्हणून म्हणतो, येत जा." दुभाषी मुलगी नवीन होती. तिने सगळंच्या सगळं भाषांतर केलं. जर्मन हसले. पाशालियेव्ह तर सगळ्यांत मोठ्याने हसला. त्याच आठवड्यात दोन माणसं आली. लेल्या स्वयंपाकघरात चेरीच्या बिया काढत होती, मनगटापर्यंत हात लाल. त्यांच्यातला एक म्हणाला, "हात धुऊन घ्या बाई, जिन्यावर लोक काय समजतील?" ग्रूदी बूट घालत होता. त्याने विचारलं, "जेवायला परत येईन ना?" ते म्हणाले, "अर्थात."

इव्हायलाचा आवाज भाषांतर करताना बारीक झाला. कुणी बानित्सा खाईना. त्या पाहुणीने लेल्याचा हात धरला. आणि लेल्या रडली, खरी, बेढब, नाक पुसत.

"पण पुढे..." ती म्हणाली.

इव्हायलाने घड्याळ बघितलं. बसला पुढच्या गावी जेवणाची वेळ गाठायची होती. "पुढचं पुढच्या वेळी, लेल्या," ती हळूच म्हणाली.

त्यानंतर बेल नेमाने वाजायला लागली. मंगळवारी आणि शुक्रवारी. सहलवाल्यांना बाकी काही आठवो न आठवो, लेल्या आठवायची. लेल्याच्या घरी पुन्हा कणकेचा वास आला, जिना चढताना लोकांचं धापा टाकणं ऐकू आलं. मला सपाता वाटायचं आणि राकिया ओतायचं काम. आणि दर वेळी गोष्ट तिथेच थांबायची, "अर्थात" या शब्दावर. मग बूट शोधायची गडबड. पुढचं सांगायला वेळ कधी उरलाच नाही.

पुढचं असं होतं. ग्रूदीला ईशान्येकडच्या एका खेड्यात पाठवलं, गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही या अटीवर. दोन वर्षांनी तो परत आला. मी स्वतः जिन्यावर त्याला मिठी मारली आणि म्हटलं, "काय रे, कसं होतं तिकडे?" म्हणाला, "सगळं छान होतं." मला वाटलं, चेष्टा करतोय. मी हसायची वाट बघत थांबलो. तो आत गेला.

तो तसाच राहिला, मरेपर्यंत, दहा-अकरा वर्षं. स्वयंपाकघरात घर तापवणाऱ्या गरम नळ्यांना पाठ लावून बसायचा. काहीही विचारा, सगळं छान आहे. आम्हाला सांगितलं तर समजू शकतो, भिंतींना कान होते. पण बायकोलासुद्धा तेच. अंथरुणातसुद्धा तेच. लेल्याने मग सूपमध्ये मीठ घालणं बंद केलं. एकदा तर मूठभर घातलं. माणूस ओरडेल, शिवी देईल, ताटली भिरकावेल, काहीतरी करेल. ग्रूदी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा. "मीठ बरोबर आहे का रे?" "छान आहे." असलं सूप लेल्या मग स्वतः प्यायची, त्याच्यासमोर बसून. असे किती हिवाळे गेले. हे तिने मला त्सोन्काच्या चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला सांगितलं होतं, त्याआधी कुणाला नाही. तिच्या लेखी तिचा नवरा गेला तो दारातून नाही, त्या टेबलावर रोज थोडा थोडा गेला.

आणि मंगळवार-शुक्रवारच्या ग्रूदीला तर टेबलच नव्हतं. तो नुसता बूट घालत होता.

शरद उलटला तशी गोष्ट घोटीव झाली. कुठे थांबलं की पाहुण्यांचा श्वास अडकतो, कुठे हात पुढे करून दाखवायचे, लेल्याला कळायला लागलं. रडू आता वेळेवर यायचं, नाक न गळता. तिने हे मुद्दाम केलं असं कुणी म्हणेल तर त्याच्या तोंडाला मी कुलूप लावीन. पाहुण्याला काय हवं ते तिचे हात आपोआप पुढे करत होते, जन्मभर केलं तसं. एका शुक्रवारी मी राकिया ओतत होतो आणि ऐकलं, "आणि बाहेर बर्फ पडत होता. ग्रूदीच्या पावलांचे ठसे फाटकापर्यंत दिसत होते." पाहुणे हळहळले. पेला भरून टेबलावर सांडला तरी मला कळलं नाही.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, "लेल्या, बर्फ कुठला?"

"कुठला बर्फ?"

"तू म्हणालीस ना, बाहेर बर्फ पडत होता. चेरी जूनमध्ये येतात."

ती पेले गोळा करत होती. मग खुर्चीत बसली.

"चेरीचं सांगितलं मी आज?"

"नाही."

"मागच्या वेळी?"

"मागच्या वेळीही नाही."

"त्या कॅनडाच्या बाईने विचारलं होतं," ती म्हणाली, "थंडी होती का म्हणून. तिला फार वाटत होतं की थंडी असावी." तिने आपले हात उलटे-सुलटे करून बघितले. "स्तामात, ग्रूदीचं मी पाशालियेव्हचं खोकं केलं रे."

पुढच्या मंगळवारी सहल सुरू व्हायच्या आत तिने इव्हायलाला फोन करून वर एकटं बोलावलं. आज मी पूर्ण सांगणार, म्हणाली, मिठासकट. नाहीतर नाही. इव्हायलाने खरंच जुळवलं. चौथऱ्यावरचं बोलणं कापलं, जेवणाच्या हॉटेलला उशीर कळवला. इतिहासवाल्या माणसाला याहून जास्त काय करता येतं?

लेल्या बोलली. बर्फ नाही, चेरी. दोन वर्षं. जिन्यावरची मिठी, ती ऐकून सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले तेव्हा मी बाटलीच्या आड झालो. मग स्वयंपाकघर. सूप. तिला ते सांगायची सवय नव्हती, शब्द अडखळत होते, मधेच ती मागे जायची, कुठलं वर्ष ते आठवायची. पाहुणे ऐकत होते, पण कसं ते मला कडेने दिसत होतं. एकाने पाय बदलला. एकीने फोन उलटा करून वेळ बघितली. दोन माणसं आली तेव्हा सगळे पुढे झुकले होते. ग्रूदी परत आला तसे ते हळूहळू पाठ टेकायला लागले.

लेल्याचं सांगून झालं. पुढच्या रांगेत एक म्हातारा बसला होता, भला माणूस, डोळ्यांत पाणी. तो इव्हायलाला काहीतरी म्हणाला. ती भाषांतर करेना. तो पुन्हा म्हणाला.

"म्हणतायत," इव्हायला खाली बघत म्हणाली, "म्हणजे ते परत आले! किती बरं झालं. मला वाटलं होतं, मेले. देवाची कृपा."

आणि बाकीच्यांच्या छातीवरचा दगड उतरला. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या, मनापासून, हसत. एका बाईने लेल्याच्या गालाचा मुका घेतला आणि विचारलं, परत आल्यावर बरे होते ना ते?

मी लेल्याकडे बघत होतो. तिने तोंड उघडलं. खोलीभर माणसं, सपाता घातलेली, तिच्याकडे बघून हसणारी, तिच्या घरी आलेली. तिच्या हाताने आपोआप ताटली उचलली.

"सगळं छान होतं," ती म्हणाली. "घ्या ना, बानित्सा घ्या."

ते गेले. इव्हायला जिन्यात मागे राहून काहीतरी म्हणू लागली, माफी बहुतेक. लेल्याने तिला मुरंब्याची बाटली दिली आणि सांगितलं, "पोरी, आता नको आणूस कुणाला." इव्हायलाने दोनदा फोन केला, एकदा ती स्वतः आली, दारातच रडली. लेल्याने तिला जेवू घातलं. सहलीबद्दल एक शब्द नाही. आता तो थांबा संस्कृतिभवनाच्या तळमजल्यावर झालाय. तिथे जुन्या सामानाची एक खोली मांडलीय म्हणे, रेडिओ आहे, प्लॅस्टिकची केळी आहेत.

बेल पुन्हा गप्प झाली. दाराशी सपातांची रांग होती ती लेल्याने एका पिशवीत भरून पलंगाखाली सारली. मी म्हटलं, राहू दे की, कुणी आलं तर. ती म्हणाली, "कोण?"

परवा मी मीठ मागायला गेलो होतो. मीठ माझ्याकडे होतं. ती स्वयंपाकघरात नुसतीच बसली होती, समोर काही नाही.

"बस," म्हणाली. "एक विचारायचंय. तू त्या दिवशी घरी होतास. ग्रूदीला नेलं तेव्हा."

"होतो. दाराच्या फटीतून बघत होतो."

"मला सारखं तेच दिसतंय रे, फाटकापर्यंत पावलं. मी डोळे मिटते, चेरी आठवायला बघते, हात लाल होते ते आठवते, आणि खिडकीबाहेर पांढरं. खरं सांग. बर्फ होता का?"

मी डोळे मिटले. त्या दिवशी मी वीस वर्षांचा होतो, फटीला डोळा लावून उभा होतो, आणि नंतर सगळा जन्म तो दिवस मी विसरलो नव्हतो. पण मंगळवार-शुक्रवार मीही तिथेच बसत होतो, राकिया ओतत. मला ग्रूदीची पाठ दिसली. त्याच्या खांद्यांवर बर्फ होता.

"नव्हता, लेल्या," मी म्हटलं. "जून होता. ऊन होतं. तुझे हात लाल होते."

ती माझ्याकडे बघत राहिली, फार वेळ.

"तूसुद्धा माझ्याशी असं बोलतोस," ती म्हणाली, "पाहुण्यांशी बोलावं तसं."

मी मीठ न घेताच उठलो. तिने बसायला सांगितलं नाही.